यानोशने

वोल्फ्सबुर्गहून बसने पंचवीस मिनिटांवरच्या एका गावात आम्ही भाड्याने राहायचो. घर दोन मजली, आम्ही वर, घरमालकीण खाली. बाबा कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या करायचे आणि सकाळी सहाची बस पकडायचे. आई घरी असायची, मी शाळेत. त्या घरातले आवाज मला आजही सांगता येतात, कारण ते मोजकेच होते: चर्चची घंटा, तासाला एक बस, लाकडी जिन्याची तिसरी पायरी, आणि हीटरच्या पाइपवर खालून लाकडी चमच्याने मारलेले ठोके. दोन ठोके म्हणजे मला खाली बोलावणं. एक ठोका म्हणजे आमचा त्रास होतोय.

या एका ठोक्याचा आईने फार धसका घेतला होता. दुपारी एक ते तीन आणि रविवारी दिवसभर मोठा आवाज करायचा नाही हा तिथला नियम, आणि आमचा पुण्याहून आणलेला मिक्सर तर भिंतीला टेकवलेली कपाटंसुद्धा हलवायचा. त्यामुळे आठवड्याची सगळी वाटणं शनिवारी दहा ते बारा या वेळात उरकायची. काय वाटायचं त्याची यादी मी करायची आणि फ्रिजवर लावायची. मी तेरा वर्षांची होते आणि घरातले सगळे कागदही माझ्याच ताब्यात होते, कारण तिघांत जर्मन मला बरं यायचं. व्हिसा वाढवायला कुठले कागद, कशाच्या किती प्रती, कुठल्या प्रतीवर शिक्का. प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन, काम झालं की त्यात खूण. एखादा चौकोन रिकामा राहिला तर आपल्याला परत पाठवतील असं मला वाटायचं. तसं कुणी म्हटलेलं नव्हतं. पण बेहोर्डंत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, जायच्या आदल्या दिवशी बाबा नीट जेवायचे नाहीत, तेवढं मला पुरेसं होतं.

कचेरीतला कायमचा घोळ आईच्या नावाचा. पासपोर्टवर ती सुमेधा श्रीकांत देवस्थळी. मधलं नाव नवऱ्याचं असतं ही गोष्ट तिथल्या बाईंना तीनदा सांगूनही पटली नाही. त्यांच्या लेखी आईची नावं दोन, सुमेधा आणि श्रीकांत, आणि मग एक न उच्चारता येणारं आडनाव. दवाखान्यातली मुलगी तर देवस्थळीच्या वाटेलाच जायची नाही, सरळ "फ्राउ श्रीकांत" अशी हाक मारायची. बाबा हसत कोपराने ढोसायचे. "जा, तुझी हाक आली, फ्राउ श्रीकांत."

"अहो, हसताय काय. उद्या मी मेले तर दाखल्यावर तुमचंच नाव लागेल."

"बरं होईल. सुटेन मी कर भरण्यातून."

खालच्या बाईंना आम्ही रेझी-बाझल म्हणायचो. बाझल म्हणजे त्यांच्या बोलीत मावशी, काकू, आत्या, सगळं एकच. साठीची, रुंद हाडाची, कायम निळा ॲप्रन घातलेली बाई. नवरा योझेफ कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षांत गेला होता. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघायची, तेव्हा तिला माझं तोंड दिसायचं. ती जर्मनच, पण जन्मली हंगेरीत. तिकडे जर्मन लोकांची पिढ्यान् पिढ्यांची गावं होती आणि युद्ध संपल्यावर त्यांना गाड्यांत भरून इकडे पाठवून देण्यात आलं. तिच्या गावाला दोन नावं होती, एक जर्मन, एक हंगेरियन, पण ती दोन्ही घ्यायची नाही. "घरी" एवढंच म्हणायची. पन्नास वर्षं या घरापासून हजार किलोमीटरवर असलेलं ते "घरी" होतं.

आईची आणि तिची ओळख पक्की झाली खसखशीवरून. रेझी-बाझल रुंद शेवयांसारखं काहीतरी उकडून त्यावर दळलेली काळी खसखस आणि पिठीसाखर घालायची. आई म्हणाली, अगं, आपल्याकडे अनारशाला लावतात ती पांढरी, ही काळी कशी? मग खसखस दळायचं लोखंडी हातयंत्र वर आलं. आवाज न करणारं यंत्र बघून आईने रविवारी त्यात शेंगदाण्याचं कूट करून पाहिलं. दाण्याच्या तेलाने ते असं चिकटून बसलं की बाबांना स्क्रू काढून सगळं सुटं करावं लागलं. रेझी-बाझल खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेव्हापासून एका ठोक्याचं भय थोडं कमी झालं. थोडंच.

माझी तिच्याशी मैत्री जमली ती व्याकरणावरून, हे आता लिहितानाही विचित्र वाटतं. शाळेत मला जर्मन विभक्तींनी छळलं होतं. एकदा तिच्या स्वयंपाकघरात मी तक्रार करत होते, तर ती म्हणाली, हंगेरियनमध्ये तर शब्दाला शेपटीच लावतात. हाझ म्हणजे घर, हाझबान म्हणजे घरात. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच. घर, घरात, घराला, घराने. तिने ते शब्द हळूहळू म्हणून पाहिले आणि टेबलावर थाप मारली. "आल्झो, म्हणजे आपण दोघी शेपटीवाल्या." त्या देशात आल्यापासून मला पहिल्यांदाच आपली भाषा कुणाच्या तरी भाषेसारखी आहे असं वाटलं. त्या आनंदाची पुढे काय किंमत झाली ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

तिच्या गावातल्या दगडाची गोष्ट मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकली की तो मला पाठ होता. पहिल्या महायुद्धानंतर चर्चसमोर उभा केलेला चौकोनी खांब, वर दगडाचा सैनिक, समोरच्या बाजूवर मेलेल्यांची नावं. लहानपणी ती नावांवर बोट फिरवून अक्षरं शिकली. दुसरं युद्ध आलं आणि तिचा बाप त्यात गेला, रशियातल्या डॉन नदीच्या बर्फात. प्रेत मिळालं नाही. पण ती हरलेली बाजू होती, आणि नंतरच्या सरकारच्या काळात त्या मेलेल्यांची नावं कोरणं तर सोडाच, चारचौघांत घेणंही सोयीचं नव्हतं. दगडाची मागची बाजू कोरीच राहिली. सैनिकाची संगीन कुणीतरी मोडली. एका उत्साही माणसाने खांब पाडायला दोर बांधून ट्रॅक्टर लावला होता, पण खांबाला टेकूनच बस-थांब्याचं छप्पर उभं केलेलं होतं आणि गावाला छप्पर हवं होतं, म्हणून खांब वाचला. चाळीस वर्षं लोक त्याला सायकली टेकवत राहिले. मग सरकार बदललं. गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर, ज्यांचं घराणं कसंबसं तिथेच राहिलं होतं, त्यांनी ठरवलं की आता मागची बाजू भरायची. सैनिक असो की साधा माणूस, युद्धात गेलेले सगळे एकाच यादीत, आडनावाच्या अक्षरक्रमाने. मेलेल्यांमध्ये मानाच्या पायऱ्या नकोत, असं मास्तरांचं म्हणणं.

ती यादी तपासण्यासाठी रेझी-बाझलकडे आली. स्टुटगार्टकडच्या तिच्या चुलतबहिणीने एका पाकिटातून पाठवली होती: टाइपरायटरवर उमटवलेली चार पानं, कार्बनची फिकट प्रत, मध्ये मध्ये पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या आणि हंगेरियन शेरे. दोन ठोके वाजले. मी खाली गेले.

"मंजी, मला हे दिसत नाही. तू स्वच्छ लिहून काढ, मोठ्या अक्षरात. मग मला वाचून दाखव. मग आपण परत पाठवू. पाथरवट थांबलाय."

मी पानं वर नेली. मला असं काम कुणी दिलं की अंगात वारं शिरायचं. आखीव कागद, दोन रंगांची पेनं, पट्टी. हंगेरियन माणसं आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं, त्यामुळे मला सगळं ओळखीचं वाटलं. कुठे एकच नाव दोनदा आलं होतं, एकदा टंकलिखित, एकदा पेन्सिलीने. ती मी एकत्र केली. आणि मग दुसऱ्या पानावर या दोन ओळी एकाखाली एक आल्या. ब्रांडल यानोश. ब्रांडल यानोशने.

मी त्या वाचल्या आणि मला हसूच आलं. यानोश, यानोशने. राम, रामने. शेपटी. त्यांची ती शेपटी आणि आमची ती शेपटी अगदी एकच निघाली होती. टाइप करणाऱ्याने कुठल्यातरी वाक्यातून नाव उचललं असणार, यानोशने अमुक केलं, यानोशने तमुक सांगितलं, आणि तसंच शेपटीसकट ठेवलं असणार. माणूस तोच. पुढे आणखी एक "ने" होता, फिशर योझेफने, पण यादीत साधा फिशर योझेफ कुठे नव्हता, म्हणून तो तसाच राहू दिला. नियम सोपा होता: जोडी असेल तर एक ओळ काढायची. मी पट्टी धरून दुसरी ओळ खोडली आणि माझ्या स्वच्छ प्रतीत एकच ब्रांडल यानोश घेतला.

आता मी एश्बॉर्नमधल्या एका कंपनीत ग्राहकांच्या याद्या साफ करण्याचं काम बघते. दुहेरी नोंदी शोधणारा प्रोग्राम एका सेकंदात शेकडो ओळी सुचवतो. माझ्या हाताखालच्यांना माझी एक सवय जाचक वाटते: मी एकही ओळ माणसाने बघितल्याशिवाय काढू देत नाही. कारण विचारतात, मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला यादी वाचून दाखवली. ती हात मांडीवर ठेवून, मान खिडकीकडे वळवून बसली होती. नावागणिक मान हलवायची, कधी एखादा शब्द बोलायची: याच्या घरी बोरांचं झाड, हा तोतरा. ब्रांडल यानोश आला. ते तिच्या वडिलांचं नाव हे मला माहीत होतं, म्हणून मी जरा थांबले. तिने मान हलवली आणि वाट बघितली. मी पुढचं नाव वाचलं. तिने हात उचलला, परत ठेवला.

"मागे जा. ब्रांडल परत वाच."

"ब्रांडल यानोश."

"आणि?"

"आणि काय? मग ड सुरू होतो."

तिने मान परत खिडकीकडे वळवली. मी वाचत राहिले. फिशर योझेफने आल्यावर तिने तोंड माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, वळवलं. "फिशर योझेफने आहे त्यात?"

"आहे."

"हं," ती म्हणाली. "पाठव मग."

मी पाठवली. पाकिटावर पत्ता मी लिहिला, तिकिटं मी चिकटवली, आणि माझ्या वहीतल्या चौकोनात खूण केली.

त्यानंतर खालून ठोके आले नाहीत. ना दोन, ना एक. पहिले दोन-तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आई म्हणाली, बाझल मला जिन्यात भेटली आणि नुसतं "हं" म्हणून आत गेली. आईने डब्यातून शिरा पाठवला. डबा दाराबाहेर तसाच परत ठेवलेला मिळाला, धुतलेला नव्हता, उघडलेलाच नव्हता. आमच्या घरात भीतीला एवढं पुरे होतं.

"रविवारी मिक्सर लावला होतास का?" बाबांनी विचारलं.

"अहो, वेडी आहे का मी? फोडणीचा वास गेला असेल. लसणाचा."

"वर्षभर वास येतोय लसणाचा."

"मग घर सोडा म्हणणार असेल. सांगायला जड जातंय तिला."

घर सोडणं म्हणजे नवा पत्ता, नवी नोंद, बेहोर्डंत परत सगळे कागद. मी निमूटपणे नवीन यादी सुरू केली. आईने जिन्यावर चालायचं ते मोज्यांनी. मिक्सर शनिवारीही बंद झाला. ती खलबत्त्यात कुटायची, तोही दुमडलेल्या टॉवेलवर ठेवून. आम्ही तिघंही आपल्याच घरात कुजबुजत बोलायला लागलो होतो.

आठव्या दिवशी दोन ठोके वाजले. मी तीन-तीन पायऱ्या उतरत गेले. तिला मास्तरांना पत्र लिहायचं होतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "मी उद्घाटनाला येणार नाही. तुम्हाला जे कोरायचं ते कोरा. मला फोन करू नका. तेरेझिया." मी विचारलं, का नाही जाणार? पन्नास वर्षं त्याच दगडाची गोष्ट सांगताय. ती म्हणाली, "तो माझा दगड नाही." स्वयंपाकघरात चूल थंड होती आणि टेबलावर आदल्या दिवसाची पावाची कड पडलेली. तेही पत्र मीच पेटीत टाकलं.

अकराव्या दिवशी शाळेतून येताना टपालपेटीत तिच्या नावाचं पाकीट होतं. तिचं टपाल मीच आत नेऊन वाचायची. मास्तरांचं पत्र, आमच्या पत्राची आणि त्याची वाटेत चुकामूक झाली होती. जाड हस्ताक्षरात पत्ता. हार्टमान योझेफने. मी दारातच थांबले.

"बाझल, हे योझेफ आजोबांच्या नावाने आलंय. त्यांना माहीत नाही का, ते गेले?"

"दाखव. काय लिहिलंय, योझेफने? मग ते माझंच." ती ॲप्रनला हात पुसत होती, तिच्या आवाजात काही विशेष नव्हतं. "आमच्याकडे बाईला तसंच लिहितात. नवऱ्याचं नाव, मागे ने. योझेफची बायको. तिकडे गेलं की माझं नाव संपतं."

मी पत्र टेबलावर ठेवलं, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि वर पळाले. दप्तरातून ती मूळ फिकट पानं काढली. स्वच्छ प्रत पाठवल्यावर ती माझ्याकडेच राहिली होती. माझी रेघ अगदी सरळ होती. पट्टीने मारलेली. खाली नाव स्वच्छ वाचता येत होतं.

ब्रांडल यानोशची बायको. म्हणजे तिची आई.

आई भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, कसं सांगितलं आठवत नाही. राम-रामने पासून उलट्या क्रमाने सांगितलं असावं. तिने तवा उतरवला. तिला एकदाच सांगावं लागलं.

"म्हणजे माझ्यासारखंच की गं," ती म्हणाली. "फ्राउ श्रीकांत."

"मला कळायला हवं होतं."

"हो, हवं होतं. चल खाली."

"बाबा आल्यावर जाऊया. ती घर सोडायला सांगेल."

"सांगू दे. पाथरवट बाबांची वाट बघतोय का? पानं घे."

जिन्याच्या तेरा पायऱ्या मी त्या दिवशी एकेक मोजल्या. आई पुढे, पिठाचे हात घेऊन. खाली गेल्यावर मात्र ती बाजूला उभी राहिली. बोलायचं मलाच होतं. मी रेझी-बाझलला सांगितलं की नाव यादीत होतं. गावाने लिहिलं होतं. मी खोडलं. का खोडलं तेही सांगितलं. तिने पान हातात घेतलं, डोळ्याच्या कडेने दिसावं म्हणून बाजूला धरलं, खूप वेळ धरलं.

"कुठे आहे?"

मी तिचं बोट त्या ओळीवर ठेवलं.

मग तिने जे सांगितलं ते त्यापूर्वी कधीच सांगितलं नव्हतं, दगडाच्या गोष्टीतही नाही. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात रशियन सैन्याने गावाकडे माणसं मागितली. दवंडी पिटली: थोडंसं काम आहे, पंधरा दिवसांत परत. अठरा ते तीस वयाच्या बायका. तिची आई तेहतीस वर्षांची होती, नवरा मेलेला, पदरी अकरा वर्षांची रेझी. यादीत तिचं नाव यायचं कारण नव्हतं.

"यादी कुणी केली?" आईने तिच्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

"बिरोने."

"म्हणजे गावचा पाटील," मी मराठीत म्हटलं. आई मोरीजवळच्या स्टुलावर बसली.

पाटलाची मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिला कुणाच्या तरी गवताच्या माळ्यावर लपवलं. आकडा भरायला एक बाई कमी पडली, आणि विधवेच्या दारात विचारायला कुणी नव्हतं. फिशर योझेफने आणि तिची आई एकाच गाडीत बसून गेल्या. त्या दोघींपैकी कुणीच परत आलं नाही. रशियात कुठल्या खाणीत, कधी मेल्या, काही कळलं नाही. "मला वाटलं," रेझी-बाझल म्हणाली, "अजूनही त्यांना ते नाव नकोय. फिशरची चालते, कारण ती नियमात बसून गेली. माझी आई दगडावर आली तर लोक विचारतील, तेहतीस वर्षांची बाई कशी काय. अकरा दिवस मी त्या गावातल्या एकेका माणसाला मनात शिव्या दिल्या, मंजी. मेलेल्यांनासुद्धा."

मी रडत होते. तिने माझी समजूत घातली नाही. रागावलीही नाही. "फोन दे," म्हणाली.

आकडे मी फिरवले. मास्तर घरीच होते. ती तिच्या बोलीत बोलत होती, मला निम्मं कळत होतं. एकदा ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग रिसीव्हरवर हात ठेवून आमच्याकडे वळली. तिचा चेहरा मला कळेना.

"तो म्हणतोय, त्यांना वाटलं मीच खोडलं. यादीत नाव नाही, वर माझं ते पत्र. तो म्हणतोय, आम्हाला वाटलं, रेझीला तिची आई आमच्याबरोबर नकोय. आणि तिचं बरोबरच आहे असं आम्हाला वाटलं, म्हणून कुणी विचारलं नाही."

आईने मला विचारलं काय म्हणाली, मी सांगितलं. पिठाचे हात आता वाळून पांढरे झाले होते.

मग फोनवर खरी अडचण निघाली. पाथरवट थांबला नव्हता. तो 'के'ची आडनावं संपवून पुढे गेला होता; ब्रांडलच्या खाली जागा म्हणजे दोन ओळींमधली बोटभर फट. दगडावर ओळ सरकवता येत नाही. शेवटच्या नावाच्या खाली, पायथ्याशी, एक ओळ बसेल, क्रम सोडून. चालेल का? आणि काय कोरायचं? नियमाप्रमाणे यादीत होतं तसं, ब्रांडल यानोशने?

"नको," रेझी-बाझल म्हणाली, आणि मला ऐकू यावं म्हणून असेल, हे स्पष्ट शाळेतल्या जर्मनमध्ये म्हणाली. "तसं लिहिलंत तर पुन्हा एखादी हुशार मुलगी येऊन खोडेल. तिचं स्वतःचं नाव लिहा. काथारिना."

उद्घाटनाला आम्ही जाऊ शकलो नाही. भारतीय पासपोर्टवर हंगेरीचा वेगळा व्हिसा लागायचा आणि त्याच्या कागदांची यादी करेपर्यंत वेळ निघून गेला असता. ती चुलतबहिणीबरोबर बसने गेली. आईने प्रवासाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. ते पाच दिवस मी धड झोपले नाही की जेवले नाही. पाथरवटाने ऐकलं असेल का, अक्षरं बरोबर असतील का, फोनवरचा निरोप मास्तरांनी लिहून घेतला होता का, की नुसता लक्षात ठेवला होता. चौकोन होता, खूण करता येत नव्हती. बाबा म्हणाले, तू आता हात जोडून बस. मला तेच जमत नव्हतं.

ती परत आली त्या दिवशी दुपारी, शांततेच्या तासात, दोन ठोके वाजले. बाबांनाही सुट्टी होती, आई, बाबा, मी, तिघं मिळून गेलो. ती प्रवासाच्या कपड्यांतच टेबलाशी बसली होती, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात.

"होतं?" मी विचारलं.

"होतं. मला काही दिसलं नाही, पण होतं." तिने घमेल्यात पाय हलवले. "सगळे उभे राहून आपापली नावं बघत होते. माझं अगदी खाली, जमिनीलगत. गुडघे टेकावे लागले. चिखल होता. मी हात फिरवतेय, सापडेना. वर सगळी व ची, झ ची माणसं. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन गुडघ्यावर बसलं. माझं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावर ठेवलं. हात म्हाताऱ्या बाईचा होता, गार. मी विचारलं, कोण? तिने सांगितलं."

तिने पाटलाच्या मुलीचं नाव घेतलं. आईने बाबांकडे पाहिलं.

"मग?" मी म्हटलं. "काय म्हणाली ती?"

"काही नाही. मीही नाही. ती माझं बोट धरून एकेक अक्षर पुढे नेत गेली. शेवटच्या अ पर्यंत."

"आणि मग?"

"मग काय," रेझी-बाझल म्हणाली. "दोघींनाही उठता येईना. एकमेकींना धरून बघितलं, जमलं नाही. शेवटी मास्तरांनी उठवलं. आधी तिला, मग मला."